तिसऱ्या पाळीची मुलं

गिरणगावात वाढलेली दोन माणसे कुठेही भेटू देत, पुण्यात, बडोद्यात, इंदुरात नाही तर थेट दुबईत. त्यांची ओळख व्हायला दोन प्रश्न पुरतात. पहिला, ‘चाळ कुठली?’ आणि दुसरा, ‘वडील कुठल्या मिलला?’ आडनाव, शिक्षण, हुद्दा या गोष्टी मागाहून येतात. या दोन उत्तरांवरूनच समोरच्याचे बालपण कसे गेले असेल, हे निम्म्याहून अधिक कळून चुकते. मग तासभर कसा जातो ते दोघांनाही समजत नाही. आणि जवळ बसलेली त्यांची मुले कंटाळून उठून जातात!

मुलांचे तरी काय चुकले? त्यांनी ते गिरणगाव पाहिलेलेच नाही. त्यांनी पाहिले ते काचेचे मनोरे, मॉल आणि उड्डाणपूल. तिथे कधी धुरांड्यांचे रान उभे होते, हे त्यांना सांगावे लागते. अडचण इतकीच, की सांगणारे बहुधा अर्धेच सांगतात. गंमत तेवढी सांगतात, तिच्यासाठी घरात कोणी काय सोसले ते राहून जाते.

मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली पहिल्या कापड गिरणीचा घाट घातला आणि १८५६ मध्ये ताडदेवला ती सुरू झाली. त्यानंतरच्या काही दशकांत भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, शिवडी, नायगाव, वरळी, प्रभादेवी हा सगळा पट्टा गिरण्यांनी भरून गेला. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडून, सातारा-कोल्हापूरकडून, अहमदनगर-पुण्याच्या खेड्यांतून माणसे आली; तेलंगणातून विणकर आले, उत्तर प्रदेशातूनही आले. १९८२ च्या सुरुवातीला या गिरण्यांत सुमारे अडीच लाख कामगार होते. घरची माणसे धरली तर गिरणगाव हे एक मोठे शहरच होते. साठ-सत्तरच्या दशकांत तिथे वाढलेली मुले आज आजी-आजोबा झाली आहेत.

घड्याळ नसलेल्या घरातली वेळ

या मुलांच्या आठवणींत पहिली येते ती भोंग्याची. घरात घड्याळ असो-नसो, भोंगा चुकत नसे. प्रत्येक गिरणीचा आवाज निराळा. कुठला भोंगा कुठल्या मिलचा, हे चौथीतले पोरही डोळे मिटून सांगे. साधारणपणे सकाळी सातला पहिली पाळी, दुपारी साडेतीनला दुसरी आणि रात्री बाराला तिसरी. या तीन पाळ्यांवर साऱ्या वस्तीचा दिवस बेतलेला असे. दूधवाला, चहावाला, खानावळ, इस्त्रीवाला, भजनी मंडळ, सगळ्यांचे वेळापत्रक तेच.

मुलांचेही तेच. वडिलांची पहिली पाळी असली, की संध्याकाळी अभ्यासाला बसावे लागे. दुसरी असली, की मोकळे रान. आणि तिसरी असली, की शाळेतून आल्यावर घरात पाऊल टाकायचे तेही दबकत, कारण दहा बाय बाराच्या त्या खोलीत वडील झोपलेले असत. दप्तर दारातच ठेवायचे, आई खुणेने खायला देई आणि पोरे थेट खाली. गिरणगावातल्या मुलांनी गल्ल्यांत, मैदानांत, गच्चीवर जो धुडगूस घातला, त्याचे कौतुक ती आजही करतात. लगोरी, लंगडी, विटीदांडू, कबड्डी! कबड्डीपटूंची तर खाणच ती. पण ही मुले दिवसभर बाहेर का असत, याचे साधे कारण हे, की घरात त्यांना जागा नव्हती आणि आवाज करायची मुभा नव्हती. तिसऱ्या पाळीने त्यांना मैदानावर घातले, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरणार नाही.

वडिलांविषयीची आणखी एक आठवण अनेक घरांत निघते. ‘बाबा फार रागीट होते. साधे पाणी मागायचे तरी ओरडून मागायचे.’ वास्तविक त्यात राग असेलच असे नाही. साचेखात्यात शेकडो माग एकाच वेळी खडखडत. शेजारच्या माणसाशी बोलायचे तर हातवारे करावे लागत, नाही तर ओठ वाचावे लागत. वर्षानुवर्षे त्या आवाजात काढलेल्या माणसाला ऐकू कमी येऊ लागे आणि मग त्याचा स्वत:चा आवाज चढे. धागा तुटू नये म्हणून हवा दमट ठेवायची, म्हणून खिडक्या बंद. सूतखात्यात कापसाची धूळ छातीत जायची. मुलांना वडिलांच्या मिशीवर बसलेला पांढरा कापूस आठवतो. त्याची त्यांना मजा वाटे. त्याच कापसाने पुढे सुरू झालेला खोकला मात्र ती वेगळ्या खान्यात ठेवतात.

बदली कामगारांच्या घरची आठवण याहून बोलकी. बदली म्हणजे कायम नसलेला कामगार. त्याने रोज पाळीच्या वेळी गेटवर जाऊन उभे राहायचे. कोणी गैरहजर असला तर काम, नाही तर घरी परत. अशा घरातली मुले सांगतात, की बाबा कधी कधी सकाळी गेले तसे तासाभरात परत यायचे आणि आम्हाला फार आनंद व्हायचा. दिवसभर बाबा घरात! त्या दिवशी आई गप्प का असायची, हे त्यांना फार उशिरा कळले.

सगळेच सामाईक

चाळीतल्या जगण्याची गोष्ट सांगताना ‘आमचे’ हा शब्द वारंवार येतो. आमची गॅलरी, आमचा नळ, आमचा जिना. ‘माझी खोली’ असे म्हणायची सोय कोणालाच नव्हती. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात बांधल्या गेल्या; अशा एकूण २०७ इमारती. एकेक खोली सुमारे १६० चौरस फुटांची आणि संडास मजल्यावर सामाईक. खासगी चाळींत याहूनही लहान खोल्या होत्या. एका खोलीत आठ-दहा माणसे हे नेहमीचेच.

त्यातही गावाहून आलेल्या एकट्या पुरुषांच्या खोल्या वेगळ्या. एका गावचे वीस-पंचवीस जण मिळून एक खोली घेत. प्रत्येकाची एक ट्रंक, एक वळकटी आणि भिंतीवर एक खुंटी. पहिल्या पाळीचा उठून गेला, की त्याच जागी तिसऱ्या पाळीचा येऊन पडे. पाळ्या होत्या म्हणूनच ती माणसे त्या खोलीत मावत होती.

अशा दाटीतही माणुसकीला जागा कशी होत असे, याचा दाखला मराठी साहित्यातच आहे. कवी नारायण सुर्वे हे रस्त्यावर सापडलेले मूल. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने त्यांना घरी आणले आणि त्यांनी व त्यांच्या पत्नी काशीबाई यांनी आपल्या मुलांबरोबर वाढवले. काशीबाईही गिरणीतच कामाला होत्या. त्या मुलाला १९९८ साली पद्मश्री मिळाली. घरात जागा असल्यावर दुसऱ्याचे मूल वाढवणे निराळे आणि जागा नसताना वाढवणे निराळे!

सण तर साऱ्या वस्तीचे. लालबागच्या गणेशगल्लीचा उत्सव १९२८ सालचा. कोळी बांधवांनी आणि व्यापाऱ्यांनी बाजाराच्या जागेसाठी नवस केला आणि १९३४ साली जो गणपती बसवला, तो पुढे ‘लालबागचा राजा’ झाला. दूरदूरचे भाविक आज तासन्तास रांगेत उभे राहतात. तेव्हाच्या मुलांना मात्र त्या दिवसांतली वर्गणीची पावतीपुस्तके, रात्रभर चाललेली सजावट आणि मांडवातली नाटके आठवतात. कोकणातल्या माणसांचे नमन, बाल्या नाच आणि शक्ती-तुरा, घाटावरच्या माणसांचे भजन आणि तमाशा, हे सारे एकाच रस्त्यावर पाहायला मिळे. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांच्या कलापथकाची गाणी याच वस्तीत दुमदुमली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हीच माणसे रस्त्यावर उतरली. १९५३ साली स्थापन झालेल्या कामगार कल्याण मंडळाच्या केंद्रांत मुलींनी शिवण शिकून घेतले, मुलांनी वर्तमानपत्रे वाचली. मराठी चित्रपट पाहायचा तर लालबागचे ‘भारतमाता’ होतेच.

एवढी सरमिसळ होती, म्हणून तिथे भेद नव्हते असे मात्र नाही. जातीप्रमाणे, गावाप्रमाणे चाळी वेगळ्या असत. गिरणीत सुद्धा खाती वाटलेली असत. दलित कामगारांना साचेखात्यात पूर्वी घेत नसत. तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो आणि त्यामुळे विटाळ होतो, अशी सबब पुढे केली जाई. ‘आमच्या चाळीत सगळे एकत्र राहायचे’ असे सांगताना हेही सांगायला हवे. ते लपवल्याने आठवण अधिक गोड होते, पण खरी राहत नाही.

आईची पाळी कुठली?

वडिलांच्या तीन पाळ्या सगळ्यांना पाठ असतात. आईची पाळी कुठली होती, असे विचारले तर बहुतेक मुले थबकतात. पहाटे पाणी यायच्या आधी उठून नळावर भांडी लावायची, पहिल्या पाळीचा डबा, मग शाळेचे डबे, दुपारी दुसऱ्या पाळीच्या माणसाचे जेवण आणि रात्री बारानंतर तो घरी आल्यावर पुन्हा पोळीभाजी गरम करणे. घरात दोघे कमावते असले आणि दोघांच्या पाळ्या वेगळ्या असल्या, तर त्या घरातली चूल दिवसभर विझतच नसे.

पूर्वी गिरण्यांत बायकाही मोठ्या संख्येने होत्या. १९२९ साली मुंबई इलाख्यात प्रसूतीच्या लाभाचा कायदा आला, रात्रपाळीला बायकांना बंदी झाली, नवी यंत्रे आली. मालकांना बायका ठेवणे परवडेनासे वाटू लागले आणि त्यांची संख्या घटत गेली. पण गिरणीतून बाहेर पडलेली बाई रिकामी बसली नाही. तिने खानावळ चालवली. दहा-वीस एकट्या कामगारांना दोन वेळचे जेवण घालायचे आणि महिन्याला पैसे घ्यायचे. लहानशा खोलीत इतक्या माणसांच्या पोळ्या लाटणाऱ्या आईला मुलांनी पाहिलेले असते, पण ‘आई काय करायची?’ म्हटले, की उत्तर येते, ‘काही नाही, घरीच असायची.’

संप झाला, की या खानावळवाल्या बायका कामगारांना उधारीवर जेवू घालत. किराणा मात्र सावकाराकडून व्याजाने आणलेला असे. या बायकांना बँकेचे कर्ज मिळावे म्हणून, गोवा मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. २००२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. खानावळ हा धंदा आहे आणि ती चालवणारी बाई कामगार आहे, हे मोठ्याने सांगायला एवढा काळ जावा लागला.

बायकांच्या या हातांची चव लालबागला आजही आहे. उन्हाळा आला, की मिरची गल्लीत मसाले कुटून घ्यायला दूरच्या उपनगरांतून बायका येतात. मिरच्या निवडायच्या, भाजायच्या, डंकावर कुटून घ्यायच्या. आपल्या सासूने सांगितलेले प्रमाण कागदावर लिहिलेले नसते, पण चुकत नाही.

तो अठरा जानेवारी

गिरणगावातल्या आठवणी एका तारखेला दुभंगतात. १८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील गिरणी कामगार संपावर गेले. पगारवाढ, बदली कामगारांना कायम करणे आणि एकाच संघटनेला मान्यता देणारा १९४६ चा कायदा रद्द करणे, या प्रमुख मागण्या होत्या. महिना-दोन महिन्यांत मिटेल, असे सगळ्यांना वाटले. वर्ष उलटले. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही; तो विरत गेला. लाखाहून अधिक कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. १६ जानेवारी १९९७ रोजी डॉ. सामंत यांचा खून झाला.

आकडे हे असे. पण त्या वेळी आठवी-नववीत असलेल्या मुलांना संप कसा आठवतो? आधी भोंगा बंद झाला. मग वडील दिवसभर घरी दिसू लागले. मग घरातली पितळेची भांडी एकेक करून कमी होऊ लागली. आईच्या गळ्यात काळी पोत तेवढी राहिली. शेजारचे कुटुंब ‘थोड्या दिवसांसाठी’ गावी गेले ते परत आलेच नाही. वर्गातला एक बाक रिकामा झाला. थोरल्या भावाने कॉलेज सोडून मिळेल ते काम धरले. आई धुणीभांडी करू लागली, पापड लाटू लागली. काही मुले टोळ्यांच्या हाती लागली. बहिणीचे लग्न पुढे गेले, नाही तर घाईने उरकले. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकात अशाच एका घराची गोष्ट आहे. त्यावरूनच २०१० साली ‘लालबाग परळ’ हा चित्रपट आला.

अनेक घरांत हा विषय पुढे कोणी काढलाच नाही. वडील गप्प राहिले. आपण हरलो, की आपल्याला हरवले, याचा हिशेब त्यांनी मुलांसमोर मांडला नाही. मुलांनीही विचारले नाही. म्हणूनच आज जुने मित्र भेटतात तेव्हा लगोरी आठवते, गणपती आठवतो, भारतमाताचा पडदा आठवतो. १९८२ आले, की कोणीतरी म्हणतो, ‘जाऊ दे रे’, आणि चहा मागवला जातो.

जमीन गेली, माणसे गेली

पुढचे सारे डोळ्यांसमोर घडले. गिरण्यांची जमीन कशी वापरायची याचा नियम १९९१ साली झाला; पालिका, म्हाडा आणि मालक यांच्यात ती वाटली जावी, असा त्याचा आशय. २००१ साली तो बदलला आणि वाटणीला फक्त मोकळी जागा धरली जाऊ लागली. त्यामुळे मोकळ्या जागांना आणि घरांना मिळणारा वाटा आक्रसला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने हा बदल ग्राह्य धरला. लोअर परळला मिल होती तिथे मॉल आला. कामगारांच्या वारसांनी घरांसाठी अर्ज केले, मोर्चे काढले; सोडती निघाल्या, काहींना घरे मिळाली, कित्येकांची वाट पाहणे संपले नाही. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये पाचशे चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० फुटांत तीन पिढ्या काढलेल्या बाईला स्वत:चे स्वयंपाकघर आणि घरातला संडास मिळावा, याहून चांगली गोष्ट कुठली? चाळ पडली म्हणून लांबून हळहळणाऱ्यांनी त्या बाईला आधी विचारावे. दार बंद करता येणे हीसुद्धा एक श्रीमंती आहे. ती तिला फार उशिरा लाभली.

ही कहाणी एकट्या मुंबईची नाही. अहमदाबादच्या गोमतीपूर-सरसपूरच्या चाळींत, कानपूरच्या हात्यांत, सोलापूरच्या जुन्या मिलच्या परिसरात वाढलेल्या माणसांनाही यातले पुष्कळसे ओळखीचे वाटेल. इंदुरातली हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली आणि तिच्या कामगारांची देणी मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. मधल्या काळात कित्येक कामगार वारले. पैसे वारसांच्या हाती आले.

वारसांच्या हाती आणखी काय यायला हवे? संपाच्या वेळी पस्तिशीत असलेला कामगार आज ऐंशीच्या घरात आहे. त्याची बायको थोडी लहान. त्यांच्याजवळ जे आहे, ते कुठल्याही कागदपत्रांत नाही. मुलांनी आणि नातवंडांनी त्यांच्याजवळ बसून साधे प्रश्न विचारावेत. खाते कुठले होते? पहिला पगार किती? जॉबर कसा होता? गावच्या खोलीत किती जण राहायचे? संपात घर कसे चालले? आणि आईला वेगळे, एकटीला गाठून विचारावे. चारचौघांत ती ‘काही विशेष नाही’ असेच म्हणेल. मिलचे ओळखपत्र, पगाराची पावती, भविष्यनिर्वाह निधीचा कागद जपून ठेवावा. घरांच्या अर्जाला तो लागतोच, शिवाय आपल्या घरातला एक माणूस या शहराच्या उभारणीत होता, याचा तो पुरावा आहे.

लगोरीच्या आठवणी जरूर सांगाव्यात. त्यांच्यावर मुलांचा हक्कच आहे. पण त्या दुपारी आवाज न करता खाली का पिटाळले जायचे आणि वरच्या खोलीत कोण झोपलेले असायचे, हेही त्यांच्या जोडीने सांगावे. म्हणजे ऐकणारी मुले कंटाळून उठून जाणार नाहीत. कदाचित तीच पुढचा प्रश्न विचारतील.